'मिळून आला': एका निवृत्त बेंच क्लार्कचे संसद सदस्यांना खुले पत्र

प्रति,
लोकसभा व राज्यसभेचे सर्व माननीय सदस्य,
तसेच महसूल विभाग, केंद्रीय अर्थ मंत्रालय

विषय : स्वतःच्या वापरापुरता गांजा सापडलेल्या माणसाची अटक

महोदय/महोदया,

"आरोपी हा आडोशाला बसून चिलीमद्वारे गांजा या अंमली पदार्थाचे सेवन करताना मिळून आला." हे वाक्य नोकरीत मी किती वेळा वाचले याचा हिशेब नाही. महाराष्ट्रातल्या एका दंडाधिकारी न्यायालयात मी बेंच क्लार्क होतो. आता निवृत्त आहे. बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, लावायचे, पुकारा झाला की कागद साहेबांपुढे सरकवायचे आणि रोजनामा, म्हणजे कोर्टात काय झाले त्याची नोंद, लिहायचा, हे माझे काम. त्या वाक्यात आरोपीचे नाव बदलायचे. जागाही बदलायची; कधी पुलाखाली, कधी बंद कारखान्यामागे, कधी रेल्वेच्या भिंतीलगत. बाकी सगळे तेच. पुष्कळदा पंचसुद्धा तेच. 'मिळून आला' हे क्रियापद फक्त पोलिसी मराठीत जगते. एरवी माणूस येतो, भेटतो, फार तर सापडतो. मिळून कोणी येत नाही.

हे पत्र लिहायला दोन कारणे आहेत. एक आपल्या सभागृहातले, एक माझ्या घरातले. सभागृहातले आधी सांगतो, कारण ते सांगायला सोपे आहे.

२०१४ साली आपण एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अंमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात, दुरुस्ती केली. त्यात व्याख्यांच्या कलमात एक नवी व्याख्या घुसली, जुन्या व्याख्येचा क्रमांक पुढे सरकला, आणि तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या कलम २७अ मध्ये मात्र जुनाच क्रमांक राहून गेला. तस्करीला पैसा पुरवणाऱ्यांसाठी असलेले ते कलम सात वर्षे भलत्याच व्याख्येकडे बोट दाखवत बसले. २०२१ साली त्रिपुरा उच्च न्यायालयात ही चूक उघडी पडली. सप्टेंबरअखेरीस वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये विधेयक मंजूर झाले, आणि ही दुरुस्ती १ मे २०१४ पासूनच लागू होती असे मानायचे ठरले. चूक कारकुनी होती आणि आपण सात वर्षे मागे जाऊन ती पुसली. मी जन्माचा कारकून, त्यामुळे मला याचे थोडे कौतुकही वाटते. आमच्या हातून असे झाले असते तर मेमो निघाला असता.

नेमक्या त्याच काळात, ऑक्टोबर २०२१ मध्ये, एक वेगळी बातमी आली होती. सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने महसूल विभागाला सुचवले होते की, स्वतःच्या वापरापुरता अल्प प्रमाणात अंमली पदार्थ बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नये, त्याच्या उपचाराचे पाहावे. त्या महिन्यात टीव्हीवर एका जहाजावरच्या छाप्याशिवाय दुसरे काही दिसत नव्हते, त्यामुळे ही बातमी कोपऱ्यात गेली. मला वाटले, विधेयक येतेच आहे, यातच हेही येईल. विधेयक आले. त्यात फक्त क्रमांकाची दुरुस्ती होती. आणि ज्या २०१४ च्या दुरुस्तीत ती चूक झाली होती, तिनेच 'अल्प प्रमाण' बाळगण्याची कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून एक वर्षावर नेली होती. त्याला मात्र कोणी हात लावला नाही. एक सरकारी मंत्रालय दुसऱ्या सरकारी मंत्रालयाला जे सुचवते, त्यावर सभागृहात नीट चर्चादेखील होऊ नये, हे मला गप्प राहून स्वीकारता येत नाही.

आता घरातले.

माझ्या बहिणीचा मुलगा एकोणीस वर्षांचा असताना मित्राबरोबर 'मिळून आला'. पुडीत चार ग्रॅम. रात्री अकराला बहिणीचा फोन आला. सकाळी मी गेलो. न्यायालय माझे नव्हते, दुसरे होते, पण चालरीत तीच, त्यामुळे मी तिथला जाणता माणूस. मुलगा रात्रभर कोठडीत होता, डोळे सुजलेले. त्याने मला विचारले, "मामा, काय करू?" मी म्हणालो, "कबूल करून टाक. दंड होईल, भरू. तारखा वाचतील." पैरवीच्या, म्हणजे ठाण्याच्या वतीने कोर्टातले काम पाहणाऱ्या, हवालदारानेही तेच सांगितले. हा वाईट सल्ला आहे असे आम्हा दोघांपैकी कोणालाच वाटले नाही, कारण आम्ही रोज हेच होताना पाहत होतो. साहेबांनी गुन्हा कबूल आहे का विचारले, त्याने मान हलवली. तीन मिनिटे लागली असतील. न्यायालय उठेपर्यंत साधी कैद आणि दंड. संध्याकाळपर्यंत तो मागच्या बाकावर बसून राहिला. दप्तर बरोबर होते, त्यातून जर्नल काढून आकृत्या पुऱ्या करत होता.

पाच वर्षांनी तो एका सरकारी भरतीत पास झाला. नेमणुकीआधी साक्षांकन नमुना भरायचा असतो. आपल्याला कधी अटक झाली आहे का, न्यायालयाने दंड केला आहे का, दोषी ठरवले आहे का, असा त्यात रकाना असतो. त्याने 'नाही' लिहिले. दंड भरला म्हणजे विषय संपला असे त्याला खरेच वाटत होते, की तो घाबरला, हे मी त्याला अजून विचारलेले नाही. पोलीस पडताळणीत सगळे निघाले आणि नेमणूक रद्द झाली. आलेल्या पत्रात स्पष्ट लिहिले होते की कारण गांजा नाही, माहिती दडवली हे आहे. शब्दाने शब्द पाहिला तर त्या पत्रात काही चूक नाही. २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, तरुण वयातला किरकोळ गुन्हा दडवला गेला असेल तर नेमणूक करणारा अधिकारी आपल्या अधिकारात त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. करू शकतो, केलेच पाहिजे असे नाही. इथे केले नाही.

भाच्याची चूक आहे. तो दोनदा चुकला. पण त्याला दोषसिद्धी ज्याच्या सल्ल्याने झाली तो मी, आणि तो सल्ला मला ज्या व्यवस्थेने शिकवला ती आपण केलेल्या कायद्यावर चालते. म्हणून पुढच्या तक्रारी आपल्यापुढे ठेवतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. गांजा चांगला आहे असे मी म्हणत नाही. कोवळ्या वयात सुरू केलेल्या, रोज ओढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर त्याचा परिणाम होतो, काहींना वेडाचे झटके येतात, हे डॉक्टर सांगतात आणि मी कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिलेही आहे. माझी तक्रार पदार्थाच्या बाजूने नाही, अटकेच्या विरुद्ध आहे.

पहिली तक्रार, आणि माझ्या मते हीच मुळातली. या गुन्ह्यात अटक हीच खरी शिक्षा झाली आहे. २००१ च्या अधिसूचनेप्रमाणे गांजाचे एक किलोपर्यंतचे वजन 'अल्प प्रमाण' आणि वीस किलोच्या वर 'व्यापारी प्रमाण'. अल्प प्रमाणाला कमाल शिक्षा एक वर्ष किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या सेवनाला कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रत्यक्षात माझ्या पाहण्यात निकाल कायम भाच्यासारखाच: बसायला सांगणे आणि दंड. म्हणजे ज्या गुन्ह्यात न्यायाधीश माणसाला एक दिवसही तुरुंगात पाठवत नाहीत, त्यात पोलीस त्याला आधीच एक रात्र आत ठेवून मोकळे झालेले असतात. हातात बेडी, दवाखान्यात रक्त-लघवी, मोबाइल जमा, कामावर खाडा, गल्लीत बोभाटा. निकालाच्या वेळी शिक्षा भोगून झालेली असते.

आणि हे सर्वोच्च न्यायालयाने करायला सांगितले आहे असे नाही, उलट सांगितले आहे. २ जुलै २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, गरज का आहे ते लिहून द्या, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्या, असा आदेश आहे. आता हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. या निकालानंतर आमच्याकडे अटकेच्या कागदांबरोबर एक छापील तक्ता येऊ लागला. आरोपी पळून जाईल, पुन्हा गुन्हा करील, पुरावा नष्ट करील, साक्षीदारांवर दबाव आणील. समोर चौकोन, चौकोनात बरोबरच्या खुणा. चिलीम सीलबंद, पुडी सीलबंद, साक्षीदार दोन पोलीस आणि पोलिसांनीच आणलेले पंच. आता हा वेटरचे काम करणारा पोरगा कोणता पुरावा नष्ट करणार आणि कोणावर दबाव आणणार? मी रोजनाम्यात लिहायचो, 'अटकेची कारणे पाहिली.' पाहिली हे खरे होते.

दुसरी तक्रार कबुलीची. सेवनाच्या केसमध्ये तो पदार्थ गांजाच होता की दुसरा पाला, हे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालावरून ठरते. आम्ही त्याला सीए रिपोर्ट म्हणतो. तो यायला महिने लागतात. कबुली मात्र पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी होऊन जाते, कारण ज्याला मजुरी बुडवायची नाही तो रिपोर्टची वाट कशाला पाहील? म्हणजे काय ओढले हे सिद्ध होण्याआधी माणूस दोषी ठरून घरी गेलेला असतो. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतली २०१७ आणि २०१८ मधली अशी दहा हजारांहून जास्त प्रकरणे तपासली होती. बहुतेक गांजाच्या सेवनाची, आणि दोषी ठरलेले जवळजवळ सगळे स्वतःच्या कबुलीवर दोषी ठरलेले. तो अभ्यास वाचताना मला कुठे धक्का बसला नाही. आमचा रोजनामाच कोणीतरी छापल्यासारखा वाटला. कबूल केलेस तर हा डाग कुठे कुठे निघेल, हे त्या माणसाला कोणी सांगत नाही. मोफत विधी सहाय्याचा वकील बहुधा दुसऱ्या कोर्टात असतो. सांगणारा एकच, हवालदार. आणि कधी मामा.

बोर्डावर नावे कोणाची असायची तेही सांगतो. रिक्षावाले, बिगारी, हॉटेलातली पोरे, कचरा वेचणारे, वसतिगृहातले विद्यार्थी. जहाजावरच्या छाप्यात जे वकील टीव्हीवर दिसले, तसले आमच्या कोर्टाच्या दारात मी एकदाही पाहिले नाहीत. कुंभमेळ्यात चिलमींचा धूर उघड्यावर निघतो आणि तिथला बंदोबस्त तिकडे पाठ करून उभा राहतो. त्यात मला काही गैर वाटत नाही, शहाणपणच वाटते. तेवढे शहाणपण पुलाखाली का येत नाही, एवढेच विचारायचे आहे.

तिसरी तक्रार उपचाराची. कायद्यात उपचाराला जागा आहे, पण ती कागदावर. कलम ६४अ म्हणते, व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर त्याच्यावर खटला चालणार नाही. कलम ३९ म्हणते, न्यायालय व्यसनी आरोपीला शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकते. माझ्या सगळ्या नोकरीत कलम ३९ खालचा आदेश मी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच वेळा टंकलिहिला. तोही ब्राऊन शुगरवाल्यांसाठी. शिवाय ही दोन्ही कलमे व्यसनी माणसासाठी आहेत. जो महिन्यातून एकदा मित्रांबरोबर ओढतो तो व्यसनी नसतो, म्हणून त्याला या सवलतीही नाहीत. थोडे ओढणाऱ्याला सूट नाही आणि फार ओढणाऱ्याला दवाखाना मिळत नाही, असा हा कायदा आहे.

एम्स रुग्णालयाच्या राष्ट्रीय व्यसन-उपचार केंद्राने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेले सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेल्यांची संख्या ३.१ कोटी आहे. त्यांतले गांजा-चरसवाले सुमारे १.३ कोटी. दारू पिणारे १६ कोटी. भांग-गांजामुळे मदतीची गरज असलेले ७२ लाख, दारूमुळे ५.७ कोटी. सव्वा कोटी लोक जे करतात त्याला तुरुंग दाखवायचा, तर मग कोणाला दाखवायचा हे ठाण्यात बसून कोणीतरी निवडणारच.

त्या निवडीचीच चौथी तक्रार. पैसे घेऊन प्रकरण मिटवणे, याला बोलीभाषेत तोडपाणी म्हणतात. सगळे पोलीस ते करतात असे मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीत सरळ माणसे पुष्कळ होती आणि त्यांना असल्या केसेसचा कंटाळा होता. महिन्याचा आकडा भरायचा म्हणून आणतो, असे एकाने मला चहा पिताना सांगितले. पण खिशात दोन ग्रॅम सापडल्यावर अटक करायची की नाही हे ज्याच्या मर्जीवर आहे, त्याच्यापुढे मुलाचा बाप काय काय कबूल करतो ते मी पाहिले आहे. झडतीच्या वेळी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याचा हक्क कलम ५० देते. १९९९ च्या बलदेव सिंग निकालात घटनापीठाने तो हक्क सांगणे पोलिसांचे कर्तव्य ठरवले. आमच्याकडे तो छापील कागद येई. 'मला माझा हक्क समजावून सांगितला, मला अधिकाऱ्याची गरज नाही.' खाली सही, किंवा अंगठा. आणि विनाकारण त्रासदायक झडती किंवा अटक केली तर अधिकाऱ्याला कलम ५८ खाली शिक्षा काय? सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. दंड किती? एक हजार रुपयांपर्यंत. ओढणाऱ्याला दहा हजार, खोटे पकडणाऱ्याला एक हजार.

पाचवी तक्रार जामिनाची आहे, थोडक्यात. अल्प प्रमाणाचा गुन्हा जामीनपात्र आहे की नाही, हे कायदा वाचून कळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली जामीनपात्र म्हटले. त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये एका गाजलेल्या प्रकरणात या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र ठरवले. दोन्ही निकालांत विद्वत्ता आहे. जामिनाविषयीच्या कलम ३७ चा मथळा एक सांगतो आणि मजकूर वेगळे सुचवतो, तिथे न्यायाधीशांनी काय करायचे? एक ओळ लिहायचे काम आपले होते.

आणखी एक गोष्ट, तक्रार म्हणा की आश्चर्य. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. पाने आणि बिया शेंड्यांशिवाय असतील तर त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून भांग या कायद्याच्या बाहेर. एकाच झाडाचे पान चालते, फूल चालत नाही, हे हवालदाराने अंधारात पुलाखाली ओळखायचे.

आता आपण जे म्हणाल त्यांपैकी काहींना उत्तर देतो.

लहान मासा पकडला की मोठ्यापर्यंत पोचता येते, असे सांगतात. माझ्या रोजनाम्यांत तरी लहान मासा लहान माशापर्यंतच पोचला. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे २०२० चे आकडे घ्या: या कायद्याखाली ५९,८०६ गुन्हे, त्यांतले ३३,२४६ स्वतःच्या वापरासाठी बाळगल्याचे, २६,५६० तस्करीसाठी बाळगल्याचे. निम्म्याहून जास्त मनुष्यबळ, पंचनामे, प्रयोगशाळेतले नमुने आणि कोर्टाचे दिवस वापरणाऱ्यांवर खर्ची पडतात. प्रयोगशाळेत तस्कराचे नमुने रांगेत खोळंबतात ते पुढच्या चिलमींमुळे.

एक किलो ही मर्यादा फार सैल आहे, तिच्या आड विकणारा सुटेल, असेही म्हणतात. हे मला पटते. नऊशे ग्रॅम गांजा कोणी स्वतःसाठी घेऊन फिरत नाही. म्हणूनच मी 'अल्प प्रमाण' सरसकट माफ करा असे मागत नाही. स्वतःच्या वापराची वेगळी आणि खूप खालची मर्यादा मागतो. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून बाहेर २५ ग्रॅम आणि घरी ५० ग्रॅमपर्यंत प्रौढांना मुभा दिली. तेवढीच ठेवा असे नाही, पण आकडा ठरवता येतो हे त्यावरून दिसते.

अमेरिकेतल्या ऑरेगनचे उदाहरण नक्की दिले जाईल. तिथे २०२० च्या मतदानाने सगळेच अंमली पदार्थ अल्प प्रमाणात बाळगणे फौजदारीतून काढले आणि १ सप्टेंबर २०२४ पासून पुन्हा गुन्हा केले. ते खरे आहे आणि त्यातून शिकायला हवे. तिथे दंडाची चिठ्ठी फाडली, पण दवाखान्यात नेणारा माणूस नव्हता. पोर्तुगालने १ जुलै २००१ पासून उलटे केले: दहा दिवसांच्या वापरापुरते सापडले तर फौजदारी खटला नाही, पण एका समितीपुढे जावे लागते आणि ती समिती उपचार, समज किंवा दंड ठरवते. विकणे गुन्हाच राहिला. मी मागतो ते याच्या जवळचे आहे, आणि तेही फक्त गांजापुरते.

आंतरराष्ट्रीय कराराचे कारण तर आता चालण्यासारखे नाही. १९६१ च्या करारात भारताने भांगेची पाने वगळून घेतली आणि गांजाचा बिगरवैद्यकीय वापर बंद करायला २५ वर्षांची मुदत मिळवली. ती संपत आली तेव्हा १९८५ चा कायदा आला. पण वापरणाऱ्याला शिक्षेऐवजी उपचार देण्याची मोकळीक करारांतच आहे. शिवाय २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्नातल्या अंमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला, आणि त्या २७ मध्ये भारताचे मत होते. व्हिएन्नात आपण हात वर केला त्या वर्षी आमच्या बोर्डावर काहीही बदल झाला नाही.

आणि जुने पाहायचे तर १८९३-९४ चा भारतीय भांग-गांजा आयोग पाहा. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न निघाला म्हणून नेमलेला, सात जणांचा, त्यांत तिघे भारतीय. त्यांनी १,१९३ साक्षीदार तपासले आणि सांगितले की माफक वापराने बहुधा इजा होत नाही, बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा. मला त्या अहवालातली एक गोष्ट फार आवडते. गांजाने माणसे वेडी होतात याचा पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे दिले जात. आयोगाने ती रजिस्टरे तपासली, तर कारणाच्या रकान्यात 'गांजा' असे बहुतांशी चौकशी न करताच, माणसाला आणणाऱ्या पोलिसांच्या कागदांवरून भरलेले निघाले. काहीतरी लिहायचे असते म्हणून लिहिलेले. मी ते वाचून हसलो आणि मग थांबलो, कारण आमच्या रोजनाम्यातही तेच होते. तयार शब्द, रिकामा रकाना, आणि तो भरायची घाई.

तर मागण्या.

एक: स्वतःच्या वापरापुरता गांजा बाळगणे आणि सेवन करणे यांतून अटक, कैद आणि दोषसिद्धी काढून टाका. नोटीस, दिवाणी स्वरूपाचा दंड आणि समुपदेशनाची एक भेट ठेवा. अठरा वर्षांखालील मूल असेल तर पालक आणि समुपदेशक, ठाणे नाही. विकणाऱ्यासाठी मात्र आहे तो कायदा राहू द्या. पुडी लहान असली तरी विक्री सिद्ध झाली तर गुन्हा धरा.

दोन: त्यासाठी वापराची मर्यादा ग्रॅममध्ये स्पष्ट लिहा. डॉक्टर, पोलीस आणि न्यायाधीश यांना बसवून ती ठरवा आणि ती ठरेपर्यंत अल्प प्रमाणाचा गुन्हा जामीनपात्र आहे असे कलम ३७ मध्ये एका ओळीत लिहा.

तीन: कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही अशा गोष्टी महसूल विभागाने राज्यांच्या गृहखात्यांना आजच कळवाव्यात. अल्प प्रमाणात कलम ३५ ची नोटीस हा नियम, अटक हा अपवाद, आणि अपवादाचे कारण चौकोनात खूण करून नाही, वाक्यात लिहावे. कबुली घेण्याआधी विधी सहाय्याचा वकील हजर असावा, दोषसिद्धीचा नोकरीवर काय परिणाम होतो ते आरोपीला त्याच्या भाषेत सांगितलेले असावे, आणि कलम ३९ चा विचार केला की नाही हे आदेशात दिसावे. सीए रिपोर्टशिवाय कबुली नको.

चार: जे आधीच दोषी ठरले आहेत, त्यांच्या नोंदी पुसा. कॅनडाने २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केल्यावर पुढच्या वर्षी जुन्या बाळगण्याच्या दोषसिद्धींसाठी विनाशुल्क माफीची सोय केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी नुसते बाळगल्याच्या संघराज्य पातळीवरच्या गुन्ह्यांना माफी दिली. आपल्यालाही मागे जाऊन दुरुस्ती करता येते. २०२१ मध्ये केलीच होती, २०१४ पर्यंत मागे जाऊन.

पाच: या कायद्याखालच्या अटकांपैकी किती फक्त गांजाच्या, किती ग्रॅमच्या, आणि किती कबुलीवर संपल्या, हे दर वर्षी सभागृहाच्या पटलावर ठेवा. कलम ५८ मधला एक हजाराचा आकडाही बदला.

भाचा सध्या एका गोदामात रात्रपाळी करतो. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका भरतीची मुदत आहे आणि तो फॉर्म भरणार आहे. साक्षांकन नमुन्यात तोच रकाना असेल. या वेळी तो 'होय' लिहिणार आहे, तसे मी त्याला सांगितले आहे. खाली तपशिलाला दीड ओळीची जागा असते. तिथे काय लिहावे असे त्याने मला विचारले. माझ्या सल्ल्यावर आता त्याचा फारसा भरवसा नाही, माझाही नाही. आपल्यापैकी कोणी सुचवू शकले तर कळवावे.

आपला,
एक निवृत्त बेंच क्लार्क